लिनक्स टाकल्यावर बॅटरी का उतरते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नियमित अपडेट थांबवले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. त्यामुळे कितीतरी धडधाकट लॅपटॉप अचानक बाद ठरले. त्यांतल्या बऱ्याच लॅपटॉपवर आता लिनक्स मिंट, उबुंटू किंवा फेडोरा टाकली जाते, आणि हे चांगलेच आहे. दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही मुलांच्या अभ्यासाला, दुकानाच्या हिशेबाला, लेखन-वाचनाला सहज पुरतो.

इन्स्टॉल करणे आता अवघड राहिलेले नाही. वायफाय लगेच लागते, प्रिंटर सापडतो, मराठी कीबोर्डही सेटिंगमध्ये मिळतो. तक्रार सुरू होते ती चार्जर काढल्यावर. विंडोजवर चार तास चालणारा लॅपटॉप अडीच तासांतच धापा टाकतो. रात्री साठ टक्के बॅटरी असताना झाकण लावून ठेवलेला सकाळी उघडावा, तर स्क्रीन काळी आणि बॅटरी शून्य. किंवा ऑफिसात पोहोचल्यावर सॅकमधून काढावा, तर खालची बाजू हाताला चटका बसेल इतकी तापलेली.

‘लिनक्सवर बॅटरी टिकत नाही’ या एका वाक्यात ही सगळी गाऱ्हाणी कोंबली जातात आणि दुरुस्ती तिथेच फसते. पहिले गाऱ्हाणे लॅपटॉप चालू असतानाच्या खर्चाचे आहे, बाकीची दोन तो नीट झोपत नसल्याची. त्यांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. इंटरनेटवर सापडलेल्या पंधरा कमांड ओळीने चालवल्या, की कशाने बरे झाले आणि कशाने बिघडले याचा पत्ताच लागत नाही. एका वेळी एकच बदल करावा, आणि बदलाच्या आधी आणि नंतर मोजून पाहावे. पुढचे सगळे या एका शिस्तीवर उभे आहे.

आधी आकडे

टक्केवारी हे बॅटरीचे फसवे माप आहे. खरी मापे दोन: बॅटरीत किती वॉट-तास मावतात आणि लॅपटॉप या घडीला किती वॉट खातो. बॅटरी ५० वॉट-तासांची आणि खर्च ५ वॉटचा असेल तर दहा तास मिळतात. खर्च १० वॉटवर गेला की पाच. लिनक्समध्ये दोन्ही मापे एका कमांडवर दिसतात. टर्मिनल उघडून ‘अपॉवर’ लिहायचे, एक जागा सोडून वजाचे चिन्ह आणि त्याला लागून ‘डी’. (टर्मिनलमध्ये कमांड रोमन लिपीतच लिहायच्या, आणि या लेखातल्या सगळ्या लहान अक्षरांत.) येणाऱ्या यादीत बॅटरीच्या नावाखाली तीन ओळी शोधाव्यात. ‘एनर्जी-फुल-डिझाइन’ म्हणजे बॅटरी नवी असताना तिच्यात किती मावत होते, ‘एनर्जी-फुल’ म्हणजे आज किती मावते आणि ‘एनर्जी-रेट’ म्हणजे आत्ता किती वॉट जात आहेत.

आधी पहिले दोन आकडे पाहावेत. एका जागी ४८ आणि दुसऱ्या जागी २६ दिसत असेल, तर जवळजवळ निम्मी बॅटरी वयोमानाने गेली आहे आणि कोणतीही सेटिंग ती परत आणणार नाही. जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत हे वरचेवर घडते. बॅटरी आधीच थकलेली असते, पण तिच्याकडे लक्ष जाते ते नवी सिस्टीम टाकल्यावर, आणि बोल सिस्टीमला लागतो. तीस टक्क्यांवरून लॅपटॉप एकदम बंद पडत असेल तर तेही थकलेल्या बॅटरीचेच लक्षण समजावे.

दोन्ही आकडे जवळपास असतील, तर चार्जर काढावा, ब्राइटनेस मध्यम ठेवावा, सगळे प्रोग्रॅम बंद करावेत, पाच मिनिटे थांबावे आणि एनर्जी-रेट वहीत टिपून ठेवावा. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या अलीकडच्या लॅपटॉपवर तो ४ ते ७ वॉटच्या आसपास असायला हवा. अकरा-बारा वॉट दिसत असतील तर आत कोणीतरी विनाकारण जागे आहे.

चालू असताना

ते कोण आहे हे शोधायला पॉवरटॉप हे साधन आहे. इंटेलने ते २००७ मध्ये आणले आणि आजही त्याला तोड नाही. ‘सुडो’ (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) जोडून चालवायचे आणि टॅबच्या बटणाने एका पानावरून दुसऱ्या पानावर जायचे. पहिल्या पानावर बॅटरीचा खर्च वॉटमध्ये दिसतो (चार्जर काढलेला असेल तरच) आणि खाली प्रोसेसरला सारखे उठवणाऱ्या प्रोग्रॅमची यादी. कामाचे पान मात्र दुसरे, ‘आयडल स्टॅट्स’. इंटेलच्या लॅपटॉपवर तिथे डावीकडे ‘पॅकेज’ हा रकाना असतो आणि त्यात सी-२, सी-३, सी-६, सी-८, सी-१० अशा पायऱ्या. आकडा जितका मोठा तितकी प्रोसेसरची विश्रांती खोल. लॅपटॉप रिकामा बसलेला असताना वेळेचा मोठा वाटा सी-८ किंवा त्याच्या पुढे दिसत असेल तर प्रकृती उत्तम. सगळा वेळ सी-२ आणि सी-३मध्येच जात असेल तर एखादे उपकरण, बहुतेकदा एसएसडी, वायफाय कार्ड किंवा ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरला त्याखाली उतरू देत नाही. जुन्या प्रोसेसरवर पायऱ्या कमी असतात. तिथे सर्वांत खालची उपलब्ध पायरी पाहावी.

पॉवरटॉपमध्ये ‘ट्यूनेबल्स’ नावाचे आणखी एक पान आहे. तिथे प्रत्येक उपकरणासमोर ‘गुड’ किंवा ‘बॅड’ लिहिलेले असते आणि ‘ऑटो-ट्यून’ने सगळे एका दमात ‘गुड’ करता येते. हा मोह टाळावा. त्यात यूएसबी माऊस आणि कीबोर्डही झोपवले जातात आणि मग दर वेळी माऊस हलवल्यावर बाण क्षणभर थबकतो. एकेक ओळ बदलून वॉट पाहावेत. फरक पडेल तीच ठेवावी. रिस्टार्टनंतर हे बदल पुसले जातात, त्यामुळे प्रयोग करायला भीती नाही.

एनव्हिडियाचे कार्ड असलेल्या लॅपटॉपवर पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा. अशा लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात: एक प्रोसेसरमधले, कमी खाणारे, आणि दुसरे वेगळे, ताकदीचे. ब्राउझर आणि ऑफिसच्या कामाला पहिले पुरते, पण लिनक्सवर दुसरेही जागे राहून काही वॉट उगाच खात बसते. ते जागे आहे का, हे कळायला ‘सिस’ फोल्डरमध्ये त्या कार्डाच्या पीसीआय पत्त्याखाली ‘पॉवर’ फोल्डर आणि त्यात ‘रनटाइम-स्टेटस’ या नावाची फाइल असते. तिथे ‘सस्पेंडेड’ दिसले तर कार्ड झोपलेले, ‘अॅक्टिव्ह’ दिसले तर जागे. इथे एक खाचखळगा आहे. बरेच जण ही तपासणी ‘एनव्हिडिया-एसएमआय’ या कमांडने करतात, पण ती कमांडच झोपलेल्या कार्डाला उठवते आणि चुकीचे उत्तर मिळते.

कार्ड आपोआप पूर्ण झोपण्याची सोय एनव्हिडियाने टूरिंग पिढीपासून, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मालिकेपासून दिली. त्याआधीच्या जीटीएक्स १०५० किंवा एमएक्स १५० सारख्या कार्डांसाठी उबुंटू आणि मिंटमध्ये ‘प्राइम-सिलेक्ट’ने इंटेलचा पर्याय निवडून वेगळे कार्ड बंद ठेवणे हाच खात्रीचा मार्ग. त्याची एक किंमत आहे: कित्येक मॉडेलमध्ये एचडीएमआयचा पोर्ट एनव्हिडियाच्या कार्डालाच जोडलेला असतो. तिथे प्रोजेक्टर लावायचा असेल तेव्हा परत पर्याय बदलून रिस्टार्ट करावे लागते. शिक्षकांनी आणि व्याख्यात्यांनी हे घरी तपासून पाहावे, सभागृहात नव्हे.

त्यानंतरचा घोटाळा साधनांच्या गर्दीचा. उबुंटूसह बऱ्याच डिस्ट्रोंत, म्हणजे लिनक्सच्या प्रकारांत, ‘पॉवर प्रोफाइल्स डीमन’ आधीच असतो; वरच्या कोपऱ्यातल्या मेनूतले ‘पॉवर सेव्हर’, ‘बॅलन्स्ड’ आणि ‘परफॉर्मन्स’ हे पर्याय त्याचेच. फेडोराने ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ४१व्या आवृत्तीपासून त्याच्या जागी ‘ट्यून्ड’ आणले. याशिवाय टीएलपी हे जुने, भरवशाचे साधन आहे आणि ‘ऑटो-सीपीयूफ्रीक’ही. यांपैकी प्रत्येक जण प्रोसेसरच्या त्याच सेटिंग आपल्या हातात घेतो. दोन एकत्र चालवले की एकाने लिहिलेले दुसरा पुसतो, आणि लॅपटॉप कधी सुस्त तर कधी तापट वागतो. एकच ठेवावे. बहुतेकांना आलेले साधन पुरेसे आहे. एकेक सेटिंग स्वतः ठरवायची आवड असेल त्यांनी टीएलपी घ्यावे, पण मग आधीचे बंद करूनच.

व्हिडिओकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. यूट्यूब पाहताना पंखा घोंगावू लागला, की व्हिडिओ उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरवर पडले आहे असे समजावे. इंटेलच्या लॅपटॉपवर ‘इंटेल-जीपीयू-टॉप’ चालवून बाजूला व्हिडिओ लावावा. ‘व्हिडिओ’ नावाची पट्टी हलत असेल तर ठीक. ती शून्यावर असेल तर ड्रायव्हर कमी आहे. फायरफॉक्सने जुलै २०२३ मधल्या ११५व्या आवृत्तीपासून इंटेलसाठी ही सोय आपोआप चालू केली. फेडोरावर मात्र पेटंटच्या अडचणीमुळे एच-२६४ साठीचे पूर्ण ड्रायव्हर सोबत येत नाहीत, ते आरपीएम फ्यूजन या भांडारातून घ्यावे लागतात. रोज दोन-तीन तास ऑनलाइन तास पाहणाऱ्या विद्यार्थ्याला या एका दुरुस्तीने बाकी सगळ्यापेक्षा जास्त फरक पडू शकतो.

हे सगळे करूनही आकडा उतरत नसेल तर कर्नेलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, आवृत्ती पाहावी. २०११च्या मार्चमध्ये आलेल्या २.६.३८ या कर्नेलनंतर कित्येक लॅपटॉपची बॅटरी अचानक लवकर उतरू लागली. शोध घेतल्यावर कारण सापडले ते पीसीआय एक्स्प्रेसच्या वीज-बचतीत. बायोस ‘ही सोय नाही’ म्हणाला की लिनक्स ती पुरती बंद करत होते. विंडोज मात्र बायोसने आधी जे लावून ठेवले असेल त्याला हात लावत नव्हते. मॅथ्यू गॅरेट या कर्नेल-विकासकाने विंडोजचे वागणे अभ्यासून दुरुस्ती केली आणि ती २०१२ मधल्या ३.३ कर्नेलमध्ये आली. तोवर वापरणाऱ्याने कितीही सेटिंग बदलल्या तरी मूळ दोष कर्नेलमध्येच होता. आजही तसे होते. एएमडीच्या रायझेन लॅपटॉपसाठीचा ‘एएमडी-पीस्टेट’ हा प्रोसेसर ड्रायव्हर मार्च २०२२ मधल्या ५.१७ कर्नेलमध्ये आला, तर उबुंटू २२.०४ निघाली ती ५.१५ घेऊन. म्हणून नवा लॅपटॉप आणि जुना कर्नेल ही जोडी टाळावी. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूतच नवे कर्नेल मिळतात. जुना कर्नेलही राहतो, त्यामुळे बिघडले तर मागे येता येते. बायोसचे अपडेटही पाहावे. डेल, लेनोवो आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलसाठी ते ‘एफडब्ल्यूअपडी’मार्फत लिनक्समधूनच येते.

झाकण लावल्यावर

इथे थोडा इतिहास लागतो. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये एसीपीआय हे मानक आणले. त्यातली एस-३ ही अवस्था म्हणजे आपली ओळखीची ‘स्लीप’: रॅम सोडून बाकी जवळजवळ सगळे बंद. पुढे २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने फोनसारखी झोप आणली, जिच्यात लॅपटॉप बंद दिसतो पण मेल घेण्यापुरता अधूनमधून जागा होतो. आता तिला ‘मॉडर्न स्टँडबाय’ म्हणतात आणि अलीकडच्या कित्येक लॅपटॉपमध्ये एस-३ उरलेलीच नाही. नव्या पद्धतीत प्रत्येक उपकरणाने आपापले डोळे मिटावे लागतात. एकाने जरी मिटले नाहीत तरी प्रोसेसर खोल झोपेत जात नाही, आणि सॅकमधला लॅपटॉप तापतो.

आपला लॅपटॉप कोणत्या जातीचा, हे ‘सिस’मधल्या ‘पॉवर’ फोल्डरात ‘मेम-स्लीप’ नावाच्या फाइलीत असते (नावात दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर). तिथे दोन शब्द दिसू शकतात: ‘एस-टू-आयडल’, म्हणजे नवी पद्धत, आणि ‘डीप’, म्हणजे जुनी एस-३. चौकोनी कंस ज्याच्याभोवती असेल ती सध्या चालू. दोन्ही शब्द असून कंस पहिल्याभोवती असेल, तर कर्नेलला बूट होताना ‘मेम-स्लीप-डिफॉल्ट बरोबर डीप’ असे सांगावे (इथेही शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर). उबुंटू आणि मिंटमध्ये ते ‘ईटीसी’तल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरातल्या ‘ग्रब’ फाइलीत लिहून मग ‘सुडो’सह ‘अपडेट-ग्रब’ चालवायचे. एकटा ‘एस-टू-आयडल’च दिसत असेल तर आधी बायोसमध्ये शिरून पाहावे. लेनोवोचा २०१८चा थिंकपॅड एक्स-१ कार्बन, सहावी पिढी, हे याचे गाजलेले उदाहरण. तो एस-३ शिवाय बाजारात आला, लोक एसीपीआयचे तक्ते हाताने दुरुस्त करू लागले, आणि मग कंपनीने बायोस अपडेटमधून ‘स्लीप स्टेट’ हा पर्याय दिला. त्यात ‘लिनक्स’ निवडले की एस-३ परत येते. नंतरच्या काही थिंकपॅडमध्येही हा पर्याय आहे. बायोसमध्ये काहीच नसेल तर ‘डीप’ जबरदस्तीने लादू नये. लॅपटॉप झोपेल पण उठणार नाही, आणि न साठवलेले काम जाईल.

नव्या पद्धतीत लॅपटॉप खरोखर झोपला का, हेही तपासता येते. अलीकडच्या कर्नेलमध्ये त्याच ‘पॉवर’ फोल्डरात ‘सस्पेंड-स्टॅट्स’ आहे आणि त्यात ‘लास्ट-एचडब्ल्यू-स्लीप’ ही फाइल. शेवटच्या झोपेत हार्डवेअर किती मायक्रोसेकंद खोल झोपले ते तिथे येते. दहा मिनिटे झाकण लावून उघडावे. साठ कोटींच्या जवळपासचा आकडा आला तर सगळे ठीक. शून्य आला तर दहाही मिनिटे कोणीतरी जागे होते. मग यूएसबीला लावलेले सगळे काढून, ब्लूटूथ बंद करून पुन्हा पाहावे, आणि एकेक करत परत लावावे.

खर्चाचा हिशेब असा: ५० वॉट-तासांच्या बॅटरीवर झोपेत अर्धा वॉट जात असेल तर आठ तासांच्या रात्रीत ४ वॉट-तास, म्हणजे आठ टक्के. इतके चालते. तीन वॉट जात असतील तर २४ वॉट-तास, म्हणजे जवळजवळ निम्मी बॅटरी. रात्री आणि सकाळी ‘अपॉवर’मधला ‘एनर्जी’ हा आकडा टिपला की आपला लॅपटॉप कुठे बसतो ते कळते.

लॅपटॉप झोपतच नसेल, म्हणजे झाकण लावूनही पंखा चालूच राहत असेल, तर कारण साधे असू शकते. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना झाकण लावले तर लिनक्समधल्या सेवा सांभाळणारी सिस्टीम-डी मुद्दामच दुर्लक्ष करते, कारण त्या वेळी माणूस मोठ्या स्क्रीनवर काम करत असेल असे ती धरून चालते. केबल काढायची झाल्यास आधी झाकण उघडावे आणि केबल काढल्यावर मग लावावे. एखाद्या प्रोग्रॅमने झोप अडवून धरली असेल तर ‘सिस्टीमडी-इनहिबिट’ला ‘लिस्ट’ हा पर्याय दिला की त्याचे नाव दिसते. झोपून लगेच उठत असेल तर संशय माऊसच्या रिसीव्हरवर घ्यावा. टेबलाला धक्का लागला तरी तो लॅपटॉप जागा करू शकतो. आणि उठल्यावर स्क्रीन काळीच राहत असेल तर पुन्हा चालू करून ‘जर्नल-सीटीएल’ने मागच्या बूटच्या नोंदी वाचाव्यात. शेवटच्या दहा-वीस ओळींत दोषी ड्रायव्हरचे नाव बहुधा असते.

हायबरनेट हा पर्याय अजूनही उपयोगी आहे, विशेषतः झोप सुधारतच नसेल तेव्हा. त्यात रॅममधले सगळे डिस्कवर लिहून लॅपटॉप पूर्ण बंद होतो. पण त्यासाठी डिस्कवर रॅमला पुरेल इतका स्वॅप लागतो. फेडोरा ३३व्या आवृत्तीपासून रॅममध्येच दाबून ठेवलेला झेड-रॅम वापरते. त्यावर हायबरनेट होत नाही, वेगळा स्वॅप करावा लागतो. सिक्युअर बूट चालू असेल तर बऱ्याच डिस्ट्रोंत कर्नेल हायबरनेटला नकारच देतो. दोन्ही जुळले तर ‘सस्पेंड-देन-हायबरनेट’ ही उत्तम सोय मिळते: आधी झोप, आणि ठरावीक वेळानंतर पूर्ण बंद. विंडोजही सोबत ठेवले असेल तर त्यातले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, नाहीतर विंडोजचे पार्टिशन अर्धवट झोपलेले राहते आणि लिनक्समधून त्यावर नीट लिहिता येत नाही.

लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच लावून ठेवणाऱ्यांनी चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधावी. थिंकपॅड, आसुस आणि आणखी काही कंपन्यांच्या मॉडेलवर कर्नेल हे करू देतो. केडीई प्लाझ्माच्या सेटिंगमध्ये ती सोय आहे, आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या ग्नोम ४८ मध्येही बॅटरीचे आयुष्य जपणारे बटण आले. भरलेली आणि गरम राहणारी लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे आणखी महत्त्वाचे.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यांना तर यातल्या निम्म्या तपासण्या पैसे देण्याआधीच करता येतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो किंवा गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात, सोबत लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह न्यावा आणि दुकानदाराला विचारून त्यावरून लॅपटॉप सुरू करावा. काही इन्स्टॉल होत नाही, डिस्कला धक्का लागत नाही. ‘मेम-स्लीप’ वाचावी. पेनड्राइव्ह न काढता झाकण पाच मिनिटे लावून उघडावे आणि स्क्रीन, वायफाय, टचपॅड तिन्ही परत येतात का पाहावे. मग ‘अपॉवर’ चालवून एनर्जी-फुल आणि एनर्जी-फुल-डिझाइन हे दोन आकडे दुकानदाराला दाखवावेत. बॅटरी निम्मी उरली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सांगितलेल्या भावातून वजा करून मागावी.